दोन लेनची एक होताना

गाडी चालवता येते म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा गाडी हाताळता येते. क्लच, गिअर, ब्रेक, रिव्हर्स, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं. एवढं जमलं की माणूस शिकला, असं घरचेही मानतात आणि तो स्वतःही मानतो. पण धावत्या वाहतुकीत आपली गाडी घालणं आणि दुसऱ्याची गाडी आपल्यापुढे येऊ देणं, ही वेगळी विद्या आहे. तिथे गाठ यंत्राशी नसते, अनोळखी माणसाशी असते. त्याच्याशी एक शब्दही न बोलता दोन-तीन सेकंदांत समजूत पटवायची असते. ही विद्या कोण शिकवतं, आणि शिकवली नाही तर काय होतं, हे पाहायचं असेल तर पालघर जिल्ह्यात यावं.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उभा चिरला आहे. महामार्गाच्या पश्चिमेला रेल्वे, समुद्र, तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आणि बोईसरची एमआयडीसी. पूर्वेला विक्रमगड, जव्हार, मोखाड्याचा डोंगरी मुलूख. त्यामुळे दूध असो, भाजी असो, रसायन असो की शाळेची बस, कुठल्या ना कुठल्या फाट्यावर महामार्गाला मिळाल्याशिवाय तिचं चालत नाही. पालघरचा रस्ता वाघोबा खिंडीतून मनोरला येतो, डहाणूचा चारोटीला, बोईसरचा मान, वारंगडे, नागझरी करत चिल्हार फाट्याला.

चिल्हार फाट्यावर शिफ्ट सुटल्यानंतरच्या वेळी थोडा वेळ थांबून बघावं. कंपनीच्या बस, माणसांनी भरलेल्या इको व्हॅन, दुचाकीवर दोघं-तिघं, आणि मधूनमधून टँकर. गुजरातकडे निघालेला टँकर डावीकडे वळतो आणि थेट महामार्गाच्या वाहतुकीत शिरतो. भरलेला असला तर वेग पकडायला त्याला बराच रस्ता लागतो. समजा, तो ताशी २० च्या वेगाने आत आला आणि मागून मोटार ८० ने येते आहे. मोटार सेकंदाला २२ मीटर कापते, टँकर जेमतेम साडेपाच. दोघांमध्ये १०० मीटरचं अंतर असलं तर ते सहा सेकंदांत संपतं. त्यातला सेकंद-दीड सेकंद टँकर दिसून पाय ब्रेककडे जाण्यात गेलेला असतो. मोटारवाल्याला वाटतं, हा एवढा लांब आहे, पुढे जाईल. टँकरवाल्याला वाटतं, तो एवढा लांब आहे, हळू करेल. दोघांचाही अंदाज अंतराचा असतो, आणि चुकतो तो वेगाचा.

म्हणून मिसळण्याचा पहिला धडा वेगाचा. ज्या प्रवाहात शिरायचं त्याच्या वेगाच्या जवळपास आपला वेग आणायचा आणि मग शिरायचं. त्यासाठी बाजूचा पट्टा किंवा सर्व्हिस रोड जेवढा मिळेल तेवढा वापरायचा. वेग वाढवायला लांबी नसेल तर मोठी फट मिळेपर्यंत थांबायचं. दुसरा धडा महामार्गावर असणाऱ्यासाठी. डाव्या बाजूने रस्ता येऊन मिळतोय हे अर्ध्या किलोमीटरवरून कळतं. उजवी लेन मोकळी असेल तर तेव्हाच तिकडे सरकावं. नसेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका करावा. ब्रेक मारायचा नाही, फक्त पाय हलका करायचा. तेवढ्याने पुढची फट रुंदावते.

कायदा इथे स्पष्ट आहे. उपरस्त्यावरून येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहतुकीला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. पण मुख्य रस्त्यावरच्याचा हक्क म्हणजे समोरच्याला रोखायचा परवाना नव्हे. या महामार्गावर रोज दिसणारी आणि मला सगळ्यांत जास्त खटकणारी गोष्ट अशी, की बाजूच्या गाडीचा इंडिकेटर लागलेला दिसला की मागचा माणूस वेग वाढवतो. फट होती ती बुजवतो. याचा परिणाम त्या एका क्षणापुरता राहत नाही. इंडिकेटर दिला की वाट बंद होते हे ज्याला दोन-चारदा अनुभवाला आलं, तो इंडिकेटर द्यायचंच सोडतो. मग तो न सांगता कट मारून घुसतो. मागचा चिडतो आणि पुढच्या वेळी आणखी चिकटून चालवतो. असे सगळेच एकमेकांना वाईट चालवायला शिकवत राहतात, आणि ही शिकवणी कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलपेक्षा जास्त मुरते.

टँकरचा आणखी एक गुण सांगायला हवा. तारापूरच्या रस्त्यांवर टँकर पावलोपावली भेटतो, पण हा गुण फार थोड्या मोटारवाल्यांना माहीत असतो. टाकी अर्धवट भरलेली असेल तर आतला द्रव स्वतःचा स्वतः हलतो. चालकाने जोरात ब्रेक दाबला की तो पुढे आदळतो, गाडी थांबत आली तरी मागून धक्का देतो. झटकन लेन बदलली की एका बाजूला चढतो आणि टँकर कलंडू पाहतो. टाकीत आडव्या भिंती असतात त्या हा लोंढा कमी करतात, पण बंद करत नाहीत. टँकरच्या तोंडासमोर कट मारणारा मोटारवाला त्याला दोन वाटा ठेवतो, जोरात ब्रेक किंवा झटक्याने वळण. दोन्ही त्याला परवडणारे नसतात. म्हणून टँकरसमोर शिरताना मागच्या आरशात त्याचं पूर्ण तोंड, दोन्ही हेडलाइट आणि खालचा थोडा रस्ता दिसेपर्यंत थांबावं.

त्या टँकरवाल्याचं शिक्षण आणि आपलं शिक्षण एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहू. ज्वलनशील किंवा विषारी माल वाहणाऱ्या चालकाला साध्या अवजड परवान्यावर भागत नाही. त्याला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि परवान्यावरचा तो शेरा २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं चालतो. त्याआधी एकच वर्ष चालायचा. मोटार चालवणाऱ्याने मात्र अठराव्या वर्षी परवाना काढला, तर तो चाळिशीपर्यंत चालतो. बावीस वर्षं त्याला कोणी काही विचारत नाही. मधल्या काळात रस्ता दोन लेनचा चार, चारचा सहा लेनचा झाला, गाड्यांचा वेग वाढला, नियम बदलले. तो मात्र ज्या मैदानावर शिकला होता तिथलंच ज्ञान घेऊन सूर्या आणि वैतरणा ओलांडत असतो.

मोटार वाहन नियमांत ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम दिलेला आहे. खासगी मोटारीसाठी किमान २१ दिवस, प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास. शिकवणारा बाजूला बसतो, त्याच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच. रोजचा अर्धा तास, तोही गावातल्याच मोकळ्या रस्त्यांवर. शिकाऊ माणूस चौकापाशी आला की ब्रेक शिकवणाराच दाबतो आणि म्हणतो, ‘थांब, गाडी येऊ दे, मग जा.’ एवढाच काय तो मिसळण्याचा धडा. बोईसरहून शिकाऊ गाडीत बसलेला बहुतेक जण महामार्गावर न जाताच परवाना घेतो, आणि पहिल्यांदा तिथे जातो तो घरच्यांना गाडीत घेऊन.

परीक्षेत तरी हे असायला हवं ना? कागदावर आहे. चाचणीत काय पाहायचं याची नियमांत यादी आहे. ओव्हरटेक करणं त्यात आहेच, आणि त्याच्या शेजारीच दुसऱ्याला ओव्हरटेक करू देणंही लिहिलेलं आहे. ज्याने हा नियम लिहिला त्याला रस्ता कळत होता. वाट देणं हेही तपासण्याजोगं कौशल्य आहे, हे त्याने १९८९ सालीच नोंदवून ठेवलं. पण चाचणी ज्या मैदानावर होते तिथे दुसरी गाडीच नसते. दुचाकीवाल्याने आठ काढायचा, मोटारवाल्याने गाडी रिव्हर्स घ्यायची, चढावर थांबवून पुन्हा काढायची. सगळं एकट्याने. ओव्हरटेक करू द्यायचं ते कोणाला?

१ जुलै २०२१ पासून केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले, त्यांत थोडं पुढचं पाऊल आहे. मोटारीसाठी चार आठवड्यांत २९ तास. त्यांतले २१ प्रत्यक्ष गाडीवर, आणि गावच्या, शहराच्या व महामार्गाच्या रस्त्यांचा सराव वेगळा मोजलेला. उरलेल्या ८ तासांत रस्त्यावरचे शिष्टाचार आणि रस्त्यावरचा संताप हे विषय नाव घेऊन आले आहेत. शिष्टाचार वर्गात बसून ऐकायचे की आरशात बघत करायचे, हा प्रश्न उरतोच. पण निदान विषय पटलावर आला.

लेन बदलता न येणं किती महाग पडतं, हे या जिल्ह्याने ४ सप्टेंबर २०२२ ला सगळ्या देशाला दाखवलं. त्या रविवारी दुपारी उदवाड्याहून मुंबईकडे येणारी मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले एक प्रवासी यांचा मृत्यू झाला. पुढच्या सीटवरचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती सीटबेल्टची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या जागेच्या दुसऱ्या लक्षणाबद्दल तेव्हा कमी बोललं गेलं. पुलाआधी रस्ता तीन लेनचा आहे आणि पुलावर तो दोन लेनचा होतो. वाचलेल्या सहप्रवाशाचा जो जबाब प्रसिद्ध झाला त्यानुसार, पुढची मोटार तिसऱ्या लेनमधून दुसरीत गेली, मागोमाग हीही जाऊ पाहत होती, पण दुसऱ्या लेनमध्ये ट्रक होता. गाडीच्या कंपनीने पोलिसांना दिलेल्या माहितीप्रमाणे ब्रेक दाबण्याआधी वेग ताशी १०० होता आणि धडकेच्या क्षणी ८९.

चूक कोणाची, हा इथला विषय नाही. तीनाच्या दोन होताना त्या ठिकाणी काय करावं लागतं, एवढंच पाहू. ताशी १०० म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. लेन संपल्याचं पाच सेकंद आधी कळलं तर हातात १४० मीटर. तेवढ्यात आरसा बघायचा, शेजारच्या ट्रकच्या पुढे जायचं की मागे हे ठरवायचं, वेग जुळवायचा आणि सरकायचं. हे जमण्यासाठी दोन गोष्टी लागतात. लेन संपणार आहे हे दूरवरून सांगणारे फलक आणि पट्टे, ही रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी. पुलाचा कठडा वाहतुकीच्या वाटेत पुढे आलेला असणं हा दोषही नंतरच्या तपासणीत दाखवला गेला आणि तिथे धडक सोसणारी यंत्रणा बसवली गेली. दुसरी गोष्ट म्हणजे शंका आली की पुढे काढण्याऐवजी मागे राहण्याची सवय. ट्रकच्या मागे शिरायला दोन सेकंद उशीर लागतो, बस. आपल्या चालकांना वेग वाढवून निसटायची इतकी सवय असते की मागे राहणं हा पर्याय डोक्यात येतच नाही. तो डोक्यात यावा म्हणून तो आधी कधीतरी हाताने करून पाहिलेला असावा लागतो.

आता हेच दुसऱ्या टोकाने पाहू, जिथे वेग नाहीच. वसई खाडीवरचा वर्सोवा पूल, घोडबंदरकडून येणारी अवजड वाहनं, नायगाव, विरार फाटा. रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचं काम सुरू झाल्यावर या पट्ट्यात तासन् तास कोंडी म्हणजे काय, हे पालघरकराला वेगळं सांगायला नको. एक लेन बंद, दुसरी चालू. अशा वेळी सभ्य माणूस काय करतो? फलक दिसताच लवकर चालू लेनमध्ये जातो आणि रांगेत उभा राहतो. रिकाम्या लेनमधून पुढे जाणारा त्याला घुसखोर वाटतो. मग कोणीतरी ट्रक दोन्ही लेनवर आडवा धरून ‘बघू कसा जातोस’ म्हणून चालवतो. चिडलेले दुचाकीवाले आणि मोटारवाले कडेच्या मुरुमावरून तिसरी रांग काढतात.

जगात अनेक ठिकाणी यावर उलटा उपाय सापडला आहे. वाहतूक तुंबलेली असेल तर दोन्ही लेन शेवटपर्यंत भरू द्यायच्या, आणि लेन जिथे संपते तिथे एक या लेनची, एक त्या लेनची, अशा गाड्या घ्यायच्या. जॅकेटची चेन लावताना दोन्हीकडचे दात एकाआड एक बसतात तसं. जर्मनीत ही नुसती चांगली सवय नाही, वाहतूक नियमांच्या सातव्या कलमात ती बंधनकारक आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्याचा वाहतूक विभाग तिचा वर्षानुवर्षं प्रचार करतो, आणि रांगेची लांबी ४० टक्क्यांपर्यंत कमी होते असं सांगतो.

इथे एक गैरसमज होऊ नये. अशाने अरुंद जागेतून तासाला जाणाऱ्या गाड्या फारशा वाढत नाहीत, कारण चिंचोळ्या तोंडाची क्षमता ठरलेली असते. फरक पडतो तो रांगेच्या लांबीत आणि हिसक्यांमध्ये. आणि महामार्गावर रांगेची लांबी फार मोलाची असते. दोन किलोमीटरची रांग सव्वा किलोमीटरवर आली, तर मागचा फाटा मोकळा राहतो. तिथून वळणाऱ्याचा या कोंडीशी संबंधच नसतो, तो उगीच अडकत नाही.

हिसक्यांचं म्हणाल तर त्यावर जपानी संशोधकांचा एक सुंदर प्रयोग आहे, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी ठेवल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी ३० च्या आसपास एकसारख्या वेगाने चालवा. सिग्नल नाही, फाटा नाही, खड्डा नाही. थोड्या वेळाने कोणीतरी जरा हळू झालं, मागच्याने त्याहून थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी. काही मिनिटांत काही मोटारी पूर्ण थांबू लागल्या, आणि ती थांबण्याची लाट ताशी सुमारे २० च्या वेगाने मागे मागे सरकत राहिली. पुढचे सुटले तरी लाट सुटली नाही. एका गाडीच्या ब्रेकमधून एवढं होत असेल, तर फाट्यावर कट मारून शिरलेला एक जण मागच्या किती माणसांचा वेळ खातो, हे तो आरशात पाहू शकत नाही.

हा वेळ काही वेळा कोणाच्या तरी जिवाचा असतो. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरहून एका गंभीर जखमी महिलेला मुंबईला नेणारी रुग्णवाहिका याच महामार्गावर कोंडीत अडकली. ठरलेल्या रुग्णालयापर्यंत ती पोहोचली नाही, आणि त्या बाई वाचल्या नाहीत. ती कोंडी कोणा एका चालकाची नव्हती. जिल्ह्यात गंभीर जखमींवर उपचाराची सोय नसणं आणि रस्त्याची अवस्था ही कारणं फार मोठी आहेत. तरीही कडेचा मुरूम तिसऱ्या रांगेने भरून टाकला की रुग्णवाहिकेला उरलेली शेवटची वाटही जाते, हे प्रत्येकाच्या हातातलं आहे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गच्च कोंडीत अडकल्यावर मात्र वाट द्यायची म्हटलं तरी देता येत नाही. ती आधीच मोकळी ठेवावी लागते.

सौजन्याविषयी बोलताना चुकीच्या सौजन्याविषयीही बोललं पाहिजे. पालघरच्या पाचबत्ती चौकात ताशी १५ ने चालताना थांबून म्हाताऱ्या माणसाला किंवा रिक्षाला हाताने ‘जा’ म्हणणं उत्तमच. तेच महामार्गावर केलं, फाट्यावरच्या दुचाकीला येऊ देण्यासाठी एकदम ब्रेक मारला, तर मागच्या ट्रकला ते सौजन्य कळत नाही. त्याला फक्त समोर थांबलेली गाडी दिसते. आणि आपण हात केला म्हणून निघालेला दुचाकीवाला शेजारच्या लेनमधून सुसाट येणाऱ्यासमोर जातो. आपल्या लेनपुरतं आपण सांगू शकतो, दुसऱ्याच्या लेनचं आश्वासन देऊ शकत नाही.

खुणांचाही घोळ आहे. डिपर मारला म्हणजे आपल्याकडे ‘मी येतोय, तू थांब’. कोणी नवखा ‘ये, तू आधी’ म्हणून डिपर मारतो आणि समोरचा थांबूनच राहतो. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला, तर तो उजवीकडे वळणार की मागच्याला ‘पास दिला’ म्हणणार? जुने ट्रकवाले दोन्ही अर्थांनी वापरतात, आणि मेंढवण खिंडीच्या वळणावर चुकीचा अर्थ लावला तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. २०१५ मध्ये राज्याने ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद करण्याचा आदेश काढला. खरं म्हणजे त्याच दमात इंडिकेटरचा एकच अर्थ सगळ्यांच्या अंगवळणी पाडायला हवा होता.

चांगलं मिसळणं कसं दिसतं ते पाहायचं असेल तर जुन्या एसटी चालकाकडे पाहावं. दर थोड्या अंतराने त्याला थांब्यावर बाहेर यावं लागतं आणि पुन्हा वाहतुकीत शिरावं लागतं, दिवसातून कितीतरी वेळा. कंडक्टरची दुहेरी घंटा झाली तरी तो लगेच निघत नाही. इंडिकेटर लावतो, उजव्या आरशात पाहतो, चाक जरासं उजवीकडे वळवून बसचं नाक थोडं बाहेर काढतो आणि थांबतो. मागच्याला त्याचा इरादा कळला की मगच उरलेली बस बाहेर येते. एसटी पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा सत्कार करते. त्यांच्यापैकी निवृत्त झालेले चालक पालघर, बोईसर, डहाणू आगारांच्या आसपास राहत असतील. ड्रायव्हिंग स्कूलना यांच्याहून चांगले शिक्षक कुठे मिळणार?

ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या दहा तासांतला एक तास मला यासाठी हवा आहे. बोईसरच्या शिकाऊ माणसाला शेवटच्या आठवड्यात दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी चिल्हार फाट्यावर न्यावं. पहिल्यांदा नुसतं उभं करून येणाऱ्या गाड्यांचा वेग ओळखायला लावावा. पुढची गाडी एका खांबापासून गेल्यावर ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणेपर्यंत मागची तिथे पोहोचते का, हे मोजायला लावावं. ८० च्या वेगाला ते ४४ मीटर होतात, आणि आत शिरताना पुढे-मागे तेवढी जागा हवी. मग गुजरातच्या दिशेने प्रत्यक्ष शिरायचं, पुढे वळून परत यायचं आणि पुन्हा शिरायचं. तेच चाचणीतही. मैदानावर निरीक्षकाच्या माणसाने चालवलेली दुसरी गाडी असावी, एकदा उमेदवाराने तिच्या वाटेत शिरायचं, एकदा तिला आपल्या वाटेत येऊ द्यायचं. गुण देताना तीन गोष्टी पाहाव्यात. आरसा कधी पाहिला, इंडिकेटर वळण्याआधी दिला की वळता वळता, आणि त्या दुसऱ्या गाडीच्या चालकाला ब्रेक दाबावा लागला की नाही.